चंद्रतालला जाताना दिलीप बरोबर होता

विक्रोळीच्या सिग्नलपाशी दिलीप सावंत मोटरसायकलवर रेलून शेंगदाणे खात उभा होता. सकाळचे सव्वासहा झाले होते. मी मुलुंडहून हायवेने आलो, तर मिलिंद कांबळे माझ्याही आधी पोचून सामानाच्या दोऱ्या पुन्हा पुन्हा आवळत होता. तिघंही विक्रोळीच्या एकाच चाळीत वाढलो, एकाच शाळेत गेलो, आणि आता पंचेचाळिशी ओलांडली होती. दिलीप कंपनीत पेंटच्या खात्यात, मिलिंद लिफ्ट दुरुस्तीच्या कामात, मी अंधेरीला एका छापखान्यात.

दिलीपची बायको सुजाता महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर आहे. रात्रपाळी संपवून ती थेट सिग्नललाच आली होती, खांद्यावर पर्स, डोळे तारवटलेले. तिने माझ्या हातात औषधांचा डबा दिला.

"ह्यांच्याकडे देऊन उपयोग नाही, भावोजी, म्हणून तुमच्याकडे देते. उंचीवर कोणाला काही वाटलं तर खाली उतरायचं. गोळी घेऊन बघू, थांबून बघू, असलं काही नाही."

"अगो, आमी काय एवरेस्टार चाललंव?" दिलीप म्हणाला. खूश असला किंवा चिडला की त्याच्या तोंडी मालवणी यायची.

डोंगरातलं तळं बघायचं खूळ त्याचंच. आमच्या लेखी तळं म्हणजे पवई, आणि विहारला तर कुंपणाबाहेरूनच नमस्कार. "ज्याका कुंपण नाय असा तळा बघूचा हा एकदा," असं तो पंधरा वर्षं म्हणत होता. हिमाचलातलं चंद्रताल ठरवलं ते मी. रस्ता मी आखला, मुक्कामही मीच ठरवले. गणपतीला गावी जायच्या सुट्ट्यांना हात लावायचा नाही, ही दिलीपची अट होती. त्यामुळे हातात अकरा दिवस होते.

मोटरसायकली रेल्वेच्या पार्सलने चंदीगडला न्यायच्या होत्या. टाकीतलं पेट्रोल काढलं, गाड्या पोत्यांनी गुंडाळल्या, पावती घेतली आणि आम्ही गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंदीगडला उतरलो तेव्हा कळलं की आम्ही आलो, गाड्या आल्याच नाहीत. पार्सलचा डबा मागच्या कुठल्या तरी स्टेशनवर राहिला होता. "कल आ जाएगा," असं खिडकीवरचा माणूस दोन दिवस सांगत होता. स्टेशनसमोरच्या लॉजमध्ये आम्ही पत्ते खेळून ते दिवस काढले. दिलीपने घरून कोकमाचं आगळ आणलं होतं. पाण्यात घालून त्याने ते लॉजच्या मालकाला पाजलं, तेव्हा त्या सरदारजींचं तोंड बघून मिलिंद हसून हसून पलंगावरून पडला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी गाड्या मिळाल्या. पाचव्या दिवशी पहाटे निघालो आणि बियास नदीच्या काठाने दिवसभर चालवून अंधार पडायच्या सुमारास मनालीला पोचलो. पावसाची रिपरिप चालू होती. एका टपरीवर आम्ही सिड्डू (वाफवलेली, आत अक्रोडाचं सारण भरलेली पोळी) तुपात बुडवून खाल्ली. तिथेच मी वही काढून हिशेब नव्याने मांडला. मूळ बेतात एक दिवस मनालीत आराम होता आणि मग एक रात्र बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावात. शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. पार्सलने आमचे नेमके तेच दोन दिवस खाल्ले होते. "उद्या थेट तळं," मी म्हणालो.

सहावा दिवस. सकाळी सहाला मनाली सोडली. लांबलचक बोगद्यात शिरताना पाऊस होता आणि बाहेर पडलो तर कोरडं ऊन, उघडे डोंगर, आणि खाली राखी रंगाची चंद्रा नदी. मुंबईचा माणूस एवढं आकाश एकदम बघून बावचळतो. तिघांनी गाड्या थांबवल्या. तिथे रस्ता फुटतो. डावीकडे दहा मिनिटांवर सिस्सू, उजवीकडे कोकसर आणि मग चंद्रतालचा खडकाळ रस्ता.

मिलिंद म्हणाला, "आज सिस्सूला थांबूया रे. उद्या फ्रेश होऊन जाऊ. मी वाचलंय, मनालीहून एका दिवसात चढायचं नाही."

"मग तळ्याजवळ मुक्काम नाही मिळणार. नुसतं तोंड दाखवून परत यायचं?" मी म्हणालो.

"दिल्या, तुझं काय?"

दिलीपने हेल्मेटची काच पुसली. "अव्या सांगता ता खरा. इलंव ता बघूक इलंव मा?"

दोघांविरुद्ध एक. आम्ही उजवीकडे वळलो.

कोकसरपुढच्या ग्रांफूनंतर रस्ता असा राहतच नाही. नदीने आणून टाकलेले गोटे, आणि त्यातूनच गाड्यांनी पाडलेली वाट. मध्ये मध्ये नाले (वरच्या हिमनद्यांचं वितळलेलं पाणी वाहून आणणारे ओढे) रस्त्यावरूनच वाहतात. छतडू गावाच्या पुढे असाच एक रुंद नाला आला. मी आणि मिलिंद कसेबसे पार झालो. दिलीपचं पुढचं चाक एका गोट्यावरून घसरलं आणि तो कमरेपर्यंत पाण्यात आडवा झाला. मिलिंदने धावत जाऊन त्याला उठवलं, मी गाडी ओढली. पाणी असं की हात कोपरापर्यंत बधिर झाले. दिलीपने बूट काढून त्यातलं पाणी ओतलं, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि वर पुन्हा तेच बूट घातले. दात वाजत होते, तरी हसत होता.

बातलला एका दगडी ढाब्यात राजमा-चावल खाल्लं. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "आज कहाँ से?"

"मनाली से."

त्यांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. "सीधा?" एवढंच म्हणाल्या आणि दिलीपच्या ओल्या पायांकडे बघून त्याला चुलीजवळ बसवलं. त्याने अर्धी थाळी टाकली. मी म्हटलं, "दिल्या, तू आणि अन्न टाकतोस?" तो म्हणाला, डोकं जड झालंय, गाडीच्या हादऱ्यांनी असेल.

साडेचारला कॅम्पवर पोचलो. तळ्यापासून तीन किलोमीटर अलीकडे गवताळ सपाटीवर तंबू लावलेले असतात. तळ्याकाठी राहायला परवानगी नाही. उंची चौदा हजार फूट. कॅम्प चालवणारा छेरिंग नावाचा तिशीतला लाहौली (त्याच खोऱ्यातला) माणूस होता, शांत, कमी बोलणारा. त्याने "जुले" (नमस्कार) म्हणून गरम पाणी दिलं. तळं उद्या सकाळी बघू, असं ठरलं. दिलीप जेवला नाही. सुजाताच्या डब्यातली डोकेदुखीची गोळी मी त्याला दिली आणि तो लवकर झोपला. पहाटे चारच्या सुमारास त्याचा खोकला ऐकू आला. कोरडा, सारखा. मी कुशीवर वळलो आणि झोपलो.

सकाळी आमच्या तंबूपासून संडासाच्या तंबूपर्यंत तीस पावलं चालताना दिलीप दोनदा खाली बसला. पावणेआठ वाजले होते. छेरिंग चहाची किटली घेऊन येत होता. किटली तिथेच ठेवून तो दिलीपसमोर उकिडवा बसला, त्याची नखं बघितली, ओठ बघितले. ओठ निळसर दिसत होते.

"इनको अभी नीचे ले जाओ," तो मला म्हणाला. "साढ़े आठ बजे हमारी जीप सामान लेने कोकसर जा रही है. उसमें बिठा दो. दोपहर में धूप से बर्फ पिघलती है, नाला चढ़ जाता है. फिर कोई गाड़ी नहीं निकलेगी."

"और इनकी बाइक?" मी विचारलं.

आजही हा प्रश्न माझ्या कानात जसाच्या तसा आहे. माणूस धापा टाकत होता आणि मी गाडीचं विचारत होतो.

मिलिंद म्हणाला, "बाईक राहू दे. आपण निघू."

मग दिलीपच बोलला. "एकटो नाय जावचंय मी जीपीतून. तुमी तळा बघून येवा. मी हंय वाईच (जरा) पडतंय. मगे सगळेच जाव." मध्ये दोनदा थांबून त्याने हे म्हटलं.

"बघ, तोच म्हणतोय," मी मिलिंदला म्हणालो. "तासाभरात येऊ. एवढं आलोय रे. थंडी बसलीय त्याला, काल भिजला ना."

छेरिंगने मान हलवली आणि किटली उचलून निघून गेला. आठ दहाला आम्ही दोघं मोटरसायकलींवर बसलो.

गाड्या शेवटच्या सपाटीवर लावून थोडं चालत गेलं की एका उंचवट्यावरून तळं एकदम समोर येतं. चंद्रकोरीच्या आकाराचं. मध्यभागी दौतीतल्या शाईसारखं निळं, काठाकडे हिरवं, आणि अगदी कडेला इतकं नितळ की तळाचा एकेक गोटा मोजता येईल. पलीकडे बर्फाचे डोंगर, आणि त्यांचं प्रतिबिंब वाऱ्याची झुळूक आली की तुटायचं आणि पुन्हा जुळायचं. गवतात पिवळी बारीक फुलं. माणसांचा आवाज नाही, गाड्यांचा नाही, पाखराचासुद्धा नाही. माझ्या आयुष्यात मी यापेक्षा सुंदर काही पाहिलेलं नाही. हे लिहायची लाज वाटते, पण खरं आहे.

मला तळ्याला पूर्ण प्रदक्षिणा घालायची होती. अर्ध्यावर मिलिंद म्हणाला, "अव्या, फिरूया मागे. तास कधीच होऊन गेला." मी म्हणालो, अर्धं झालंय, मागे फिरलो काय नि पुढे गेलो काय, सारखंच. त्या सगळ्या वेळात मला दिलीपची आठवण एकदाच झाली. त्याला हे बघायला मिळालं नाही म्हणून वाईट वाटलं, तेवढीच.

कॅम्पवर परत आलो तेव्हा दहा पन्नास झाले होते. छेरिंग तंबूच्या दारात उभा होता आणि आम्हाला बघून धावत पुढे आला. आत दिलीप बसून होता, कारण त्याला आडवं होता येत नव्हतं. छातीतून हुक्क्यासारखा गुडगुड आवाज येत होता. हातातल्या टॉवेलवर गुलाबी फेस. कॅम्पवरचा छोटा ऑक्सिजनचा सिलिंडर छेरिंगने लावला होता, तो संपत आला होता. जीप कधीच गेली होती.

"खय होतात रे?" दिलीपने विचारलं. रागाने नाही. नुसतं विचारलं.

एका कुटुंबाला घेऊन आलेली टॅक्सी उभी होती. त्या लोकांनी क्षणभरही विचार न करता ती देऊ केली. ड्रायव्हर मंडीचा, वयस्कर माणूस. मागच्या सीटवर मिलिंदने दिलीपला छातीशी टेकवून धरलं, मी पुढे बसलो. मोटरसायकली तिथेच सोडल्या. ड्रायव्हर जमेल तेवढं हाकत होता, पण त्या रस्त्यावर घाई करायला जागाच नाही. प्रत्येक खड्ड्याला दिलीप कण्हायचा, आणि मी मागे वळून म्हणायचो, "आता आलंच." काय आलं होतं, देव जाणे. बातलला पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. फोनला रेंज नव्हती. कालच्या त्या बाईंनी खिडकीतून आत डोकावलं आणि काही न विचारता दोन जाड गोधड्या आणून दिल्या.

सव्वादोनला नाला आला. तोच, ज्यात दिलीप पडला होता. काल सकाळी गुडघ्याच्या वर होता, आता छातीभर असेल. गढूळ पाण्यातून गोटे गडगडत होते, त्यांचा आवाज गाडीच्या बंद काचांतून ऐकू येत होता. दोन्ही काठांवर गाड्यांच्या रांगा. ड्रायव्हर खाली उतरला, काठापर्यंत गेला, परत आला आणि हात जोडले. "साहब, इसमें डालूँगा तो पाँचों में से कोई नहीं बचेगा." आम्ही चौघंच होतो. घाबरून त्याने चुकीचं मोजलं होतं.

मी पाण्यात उतरून बघितलं. दुसऱ्या पावलाला पाय उचलला गेला, दोन माणसांनी कॉलर धरून मला मागे खेचलं. पलीकडच्या काठावरच्या लोकांना मी ओरडून डॉक्टर आहे का विचारत होतो. पाण्याच्या आवाजात काही पोचत नव्हतं. ते फक्त हात हलवत होते.

दिलीपला बाहेरची हवा हवी होती म्हणून दरवाजा उघडा ठेवला. मी त्याच्या पायाशी दगडावर बसलो. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "बूट सुकले काय रे?"

"सुकले," मी म्हणालो. ते सुकले नव्हते.

त्यानंतर तो बोलला नाही. तीन चाळीसला मिलिंद म्हणाला, "अव्या, ह्याचा श्वास..." आणि थांबला. आम्ही छाती दाबली, तोंडाने हवा दिली, एका ट्रकवाल्याने येऊन पाठ चोळली. कशाचाही उपयोग झाला नाही.

मला अशा वेळी म्हणायचं काहीच येत नव्हतं. मिलिंदने दिलीपचं डोकं मांडीवरच ठेवून हलक्या आवाजात त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. रांगेतल्या एका बसमधून एक लाहौली म्हातारी उतरून आली. तीही बौद्ध, तिला शब्द ओळखीचे वाटले असावेत. ती हातातली माळ ओढत मिलिंदच्या शेजारी मातीत बसली आणि अंधार पडेपर्यंत उठली नाही.

पाणी उतरलं ते पहाटे. कोकसरला फोन लागला. सुजाताला फोन मिलिंदने केला, माझ्याच्याने झालं नाही. केलाँगच्या रुग्णालयात डॉक्टरांना मी विचारलं, लवकर आणला असता तर? ते तरुण होते, दमलेले होते. म्हणाले, फुफ्फुसात पाणी भरायला लागतं तेव्हा वेळेत खाली उतरवलेली बहुतेक माणसं वाचतात. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "यहाँ साइन कीजिए."

पंचनामा, शवविच्छेदन, चंदीगडपर्यंत रुग्णवाहिका, मग विमान. अकरा दिवसांची सुट्टी संपली त्या दिवशी दिलीप विक्रोळीला परत आला.

तेरावं झाल्यावर सुजाताने आम्हा दोघांना घरी बोलावलं. त्यांची बारावीतली मुलगी रुचा क्लासला गेली होती. खिडकीतून खाडीकडची खारफुटी दिसते, तिकडे तोंड करून सुजाता बसली होती. पाळी बदलताना एक सिस्टर दुसरीला विचारते, तशी ती विचारू लागली.

"खोकला कधी सुरू झाला?"

"पहाटे चारच्या सुमाराला."

"ओठ निळे कधी दिसले?"

"पावणेआठला."

"फेस?"

"अकराला... म्हणजे आम्ही बघितला तेव्हा."

"मग पावणेआठला निघालात का नाही?"

मिलिंद पटकन म्हणाला, "गाडी नव्हती, वहिनी."

मी म्हणालो, "गाडी होती. साडेआठची जीप होती. त्याला बसवा म्हणून सांगितलं होतं. आम्ही तळं बघायला गेलो. मिलिंद नको म्हणत होता, मी नेलं त्याला."

"किती वाजता गेलात?"

"आठ दहा."

"परत?"

"दहा पन्नास."

तिचे ओठ हलले. "दोन तास चाळीस मिनिटं," ती म्हणाली. "आणि हे एकटे होते."

"छेरिंग होता, तो मधून मधून..."

"एकटे होते," ती म्हणाली.

मग ती उभी राहिली. "रुचाला मी सांगेन. तुम्ही नका सांगू. आणि भावोजी, आता काही महिने इकडे येऊ नका."

जिन्यात मिलिंदने माझा दंड धरला. "कशाला सांगितलंस? काय मिळालं तिला?" तिला काय मिळालं मला माहीत नाही. खोटं बोलून मला त्या खोलीत बसता आलं नसतं, एवढंच.

मोटरसायकली छेरिंगने कोणाकोणाकरवी मनालीला पाठवल्या. मी माझी विकली. मिलिंद माझ्याशी बोलतो, पण पूर्वीचं राहिलं नाही. छापखान्यात लोक सुरुवातीला विचारायचे, मग विचारेनासे झाले. झोपायला डोळे मिटले की नाला दिसत नाही, दिलीपही दिसत नाही. दिसतं ते तळं, तसंच नितळ आणि निळं. ज्या जागेची घृणा वाटायला हवी ती मनात इतकी सुंदर राहिली आहे, याचं काय करायचं ते मला कळत नाही.

जानेवारीत सुजाताचा फोन आला. सहा महिन्यांनी पहिल्यांदा.

"आमच्या वॉर्डमधली दोघं जण जूनमध्ये मोटरसायकलने चंद्रतालला निघालीत," ती म्हणाली. "मनालीहून थेट. मला रस्ता विचारत होती."

"मी बोलतो त्यांच्याशी, वहिनी. आजच बोलतो."

"त्या दोघांशी मी बोलले. बाकीच्यांचं काय? तुम्ही लिहा, भावोजी. सगळं लिहा. तळं कसं होतं तेही लिहा, नाहीतर कोणी वाचणार नाही."

मी वही पुढे ओढली.

"नावं बदला हवी तर," ती म्हणाली. "वेळा बदलू नका."

नावं मी बदलली आहेत.